स्ट्रॅटफर्डची तुतारी

टोरोंटोहून गाडीने दोनेक तास, मक्याच्या शेतांमधून गेलं की स्ट्रॅटफर्ड लागतं. वस्ती ३३ हजारांच्या आसपास. नदीचं नाव एव्हन, नदीत हंस. सगळी नावं इंग्लंडहून उचललेली, त्यामुळे मला आधी वाटायचं की हा सगळा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा असणार. तसं नाहीये.

हे गाव मुळात रेल्वेचं. इथे वाफेची इंजिनं दुरुस्त करायचा मोठा कारखाना होता. डिझेल आलं आणि त्याचे दिवस भरले. तेव्हा टॉम पॅटर्सन नावाच्या गावच्याच पत्रकाराच्या डोक्यात आलं की गावाचं नाव स्ट्रॅटफर्ड आहे, तर शेक्सपिअरची नाटकं का करू नयेत? नाटकधंद्याचा अनुभव शून्य! पण त्याने टायरोन गथ्रीसारख्या दिग्दर्शकाला गाठलं आणि १३ जुलै १९५३ ला चक्क तंबूत 'रिचर्ड तिसरा'चा प्रयोग झाला. रिचर्ड होता अ‍ॅलेक गिनेस. पक्कं थिएटर १९५७ साली झालं. रंगमंच पुढे आलेला, तीन बाजूंनी प्रेक्षक.

हे सगळं मी गाडीत बाबांना सांगत होते. बाबा सांगलीचे. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "१९५३ का? आमच्याकडे १८४३." विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर'. बरोबर शंभरावर दहा वर्षं आधी, गाव तेवढंच लहान. मी गप्प :)

ही २०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच इकडे आले होते. सांगलीचं घर विकायचं असं दादाचं आणि माझं ठरत आलं होतं. बाबा 'बघू' म्हणायचे. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा तयार होता आणि सोमवारी त्यावर सही करायला जायचं होतं. शनिवार-रविवार मोकळे, म्हणून नाटक. त्या वर्षी 'किंग लिअर' होतं, पॉल ग्रॉस लिअर. तिकिटं काढताना माझ्या मनात फक्त 'नटसम्राट' होतं, बाबांना आवडेल एवढंच.

इथे तिसरी घंटा नसते. थिएटरबाहेर तुताऱ्या वाजतात आणि बाहेर हिरवळीवर रेंगाळलेले लोक आत यायला लागतात. बाबांना ते फारच पसंत पडलं. त्यांनी उगाचच शर्टाची वरची गुंडी लावली.

पहिल्याच प्रवेशात म्हातारा राज्याच्या वाटण्या करतो. मी बाबांकडे पाहायचं टाळलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यात ती इंग्रजी. पण ते पुढे वाकून, हनुवटीखाली मूठ धरून बसले होते. भावे नाट्यमंदिरात बसायचे तसेच. वादळाच्या प्रवेशात तर त्यांचे ओठ हलत होते. कुठलं वाक्य म्हणत होते कोण जाणे, शेक्सपिअरचं की शिरवाडकरांचं.

मध्यंतरात बटाटेवडा नाही याची रीतसर तक्रार झाली. मग कॉफी घेताना म्हणाले, "धाकटी बरोबर बोलते गं. पण म्हाताऱ्याने आधी वाटण्या करायलाच नको होत्या."

"बाबा, आम्ही काही त्या थोरल्या दोघींसारखे..."

"तुमच्याबद्दल कोण बोलतंय? त्याच्याबद्दल बोलतोय मी. राजा राहायचं, पण राज्य नको, असं कसं चालेल?"

परतीच्या वाटेवर किचनर येईपर्यंत बोलले नाहीत. मग अचानक, "सोमवारचं राहू दे. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. त्याच्या आत मला सांगलीत पोचायचंय."

रात्री दादाला फोन केला. (दादा, हे तू वाचणार आहेस, म्हणून जसं झालं तसंच लिहितेय.) तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. मग पावसाळा संपला की माडीची गळती तरी काढून घेतो. आणि आईची खोली उघडायला लागेल."

बाबा २८ ऑक्टोबरला निघाले. सामानात स्ट्रॅटफर्डची नाटकाची पुस्तिका होती, भावे नाट्यमंदिरातल्या मित्रांना दाखवायला.