दिंडी घरी गेल्यावर

साथरोगशास्त्राच्या प्रशिक्षणाला आले तेव्हा संख्याशास्त्राची पदवी हातात होती, टक्केवारीची भीती नव्हती. साथ आली की आजाऱ्यांकडे जायचं, काय खाल्लं, काय प्यायलं ते विचारायचं, आणि ज्या पदार्थाचं नाव सगळ्यांत जास्त वेळा येईल तो धरायचा, असं मला वाटे. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्यावर एक दिंडी उभी केली.

समजा, ८० वारकरी. पौष वद्य एकादशी, निवृत्तिनाथांची यात्रा, मुक्काम त्र्यंबकेश्वरला. फराळाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. रात्रीतून २८ जणांना उलट्या-जुलाब. त्यांपैकी २६ जणांनी भगर खाल्ली होती, २४ जणांनी आमटी. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, भगर. तसं म्हणायला कारणही होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली होती. दवाखान्यात जागा पुरेना म्हणून बाहेर दोरी बांधून तिला सलाइनच्या बाटल्या अडकवल्या होत्या. ती दृश्यं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते, हेही वाचलेलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "आणि जे ५२ जण ठणठणीत आहेत, त्यांना कोण विचारणार?"

मी गांगरून गेले. ज्यांना काही झालंच नाही, त्यांना काय विचारायचं? मॅडमनी शांतपणे उरलेले आकडे मांडले. बऱ्या असलेल्या ५२ जणांपैकी ४८ जणांनीही भगर खाल्ली होती. म्हणजे भगर खाणारे एकूण ७४, त्यातले आजारी २६, साधारण ३५ टक्के. न खाणारे ६, त्यातले आजारी २, साधारण ३३ टक्के. भगर खाल्ली काय, न खाल्ली काय, फरकच नाही. आमटीचं मात्र वेगळं होतं. खाणारे ४०, आजारी २४. न खाणारे ४०, आजारी ४. एकीकडे ६० टक्के, दुसरीकडे १०. आजाऱ्यांकडे बघून भगर पकडली असती आणि आमटीचं पातेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर चढलं असतं.

ते गणित मी वहीत कितीदा तरी उतरवून काढलं. या विषयावर माझा जीव जडला तो तिथेच.

पण फळ्यावरच्या दिंडीत माणसं ८० आहेत हे आधीच ठाऊक असतं. प्रत्यक्ष यात्रेत आरोग्य पथकाच्या टेबलाशी बसवलं, तेव्हा माझं सगळं गणित हवेत विरलं. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं त्र्यंबक एवढंसं गाव, त्यात नाशिक-अहिल्यानगरकडच्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या दिंड्या उतरलेल्या. राहुट्या, ट्रकखाली अंथरलेल्या सतरंज्या, वाटेवरच पेटलेल्या चुली, टँकरपुढे कळश्यांची रांग. टेबलाशी येणारे आजारी मोजता येत होते. पण एकूण आलेत किती? कोणी लाख म्हणे, कोणी तीन लाख. खालचा आकडा माहीत नसेल तर वरच्या आकड्याला अर्थ काय? कालच्यापेक्षा आज जुलाबाचे रुग्ण दुप्पट आले, ही साथ की नुसती गर्दी दुप्पट झाली?

शेजारी बसलेल्या आरोग्यसेविका ताईंकडे त्यावर तोडगा होता. त्या जुलाबाच्या रुग्णांची सर्दी-खोकल्याच्या आणि पाय दुखणाऱ्यांच्या आकड्याशी रोज तुलना करत. गर्दी वाढली की सगळंच वाढतं. जुलाब एकटेच वाढले तर उठायचं आणि पाणी बघायला जायचं. शंभर रुग्णांमागे जुलाबाचे किती, हे त्या केसपेपर चाळून तोंडी सांगत. पुस्तकात हीच रीत मी नंतर वाचली.

पत्त्याचं दुसरं कोडं त्याच टेबलावर उभं राहिलं.

"माउली, गाव कोणतं?"

"आत्ता तर त्र्यंबकलाच आहे ना बाई."

"तसं नाही बाबा, घर कुठं? तालुका?"

"वैजापूर."

गर्दीत हा दुसरा प्रश्न राहून जातो आणि कागदावर पडतं, "त्र्यंबक". कागद भरलेला दिसतो. पण पटकी अंगात दिसायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ घेते. विषमज्वराला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ तर महिना-दीड महिन्यानेही उमटते. तोवर दिंडी कधीच घरी पोहोचलेली असते. इथल्या पाण्यातून लागलेला आजार वैजापूरच्या आरोग्य केंद्रात एक, कोपरगावला दोन, चाळीसगावला एक असा विखरून दिसेल, आणि तिथल्या डॉक्टरांना त्यात जोडण्यासारखं काही दिसणार नाही. त्र्यंबकच्या नोंदवहीत तर सगळं आलबेलच.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पटकीचा माग काढताना जॉन स्नो यांना असाच एक धागा सापडला होता. पंपापासून मैलोगणती दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई पटकीने गेली. तिला त्या पंपाचं पाणी आवडायचं, म्हणून ते रोज बाटलीतून तिच्या घरी जाई. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडाचं तीर्थ बाटलीत भरून घेणाऱ्या आजी दिसल्या की मला तीच आठवते. त्या आजींच्या श्रद्धेला मी मनापासून मान देते; म्हणूनच त्या बाटलीतल्या पाण्याची काळजी वाटते. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभानंतर यात्रेकरूंच्या परतीच्या वाटांनी पटकी गावोगाव गेली. २००० साली हजहून परतलेल्यांबरोबर मेंदूज्वराची साथ युरोपापर्यंत आणि सिंगापूरपर्यंत पोहोचली. दोन्ही ठिकाणी पाहुणे घरी गेल्यावरच खरी गोष्ट सुरू झाली.

जगभर आता सात-एक-सातचं उद्दिष्ट शिकवतात: सात दिवसांत साथ ओळखा, एका दिवसात कळवा, पुढच्या सात दिवसांत पहिले उपाय पूर्ण करा. मला ते पटतं. पण यात्रेच्या गावी पहिले सात दिवस दुसऱ्याच जिल्ह्यात सरतात. २०१३ ला प्रयागच्या कुंभात आणि २०१५ ला नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थात हार्वर्डच्या संशोधकांसह टॅबलेटवर रोजच्या रोज रुग्ण नोंदवण्याचा प्रयोग झाला. फार मोलाचं काम. तरी त्यातही मेळ्यातल्या दवाखान्यात आलेला माणूसच दिसणार; घरी जाऊन आडवा झालेला दिसणार नाही.

आजार लागण्याआधी काय करता येतं, ते मला एका जलसुरक्षकाने दाखवलं. पहाटे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की तासभर थांबायचं. मग टाकीजवळच्या नळावर नाही, गावातल्या शेवटच्या नळावर जायचं. छोट्या नळीत पाणी, त्यात क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचलं. त्या दिवशी वरच्या आळीत छान पिवळं झालं, खाली नळी पांढरीच राहिली. तो काही न बोलता पुन्हा टाकीकडे चालू लागला. पावसाळ्यात गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, तेव्हा ही फेरी आणखी वाढते. आणि २०२७ च्या सिंहस्थातली मोठी स्नानं ऐन पावसाळ्यातच आहेत.

चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रात साथ शोधणारे अधिकारी घडतात. २०२५ पासून अमेरिकेने जागतिक आरोग्याच्या निधीतून हात आखडता घेतल्यावर अशा प्रशिक्षणांचं काय होणार, ही चिंता देशोदेशी आहे. माझ्या सोबतच्यांनाही आहे. पैसा हवाच. पण शंभरात जुलाबाचे किती, हे बघणाऱ्या ताई आणि शेवटच्या नळापर्यंत चालणारा तो जलसुरक्षक यांना प्रशिक्षणाच्या हिशेबात कोणी धरत नाही, हे मला सलतं. मला शिकवलं त्यांनीच.

येत्या पौषासाठी मॅडमपुढे मी एक साधी गोष्ट ठेवली आहे. केसपेपरवर गाव-तालुक्याच्या जोडीला दिंडीचं नाव लिहायचं. दिंडीबरोबर किती जण निघाले, हे दिंडीचालकाला नेमकं माहीत असतं. जेवणाची पानं तोच मोजतो. म्हणजे लाखांच्या गर्दीत निदान काही दिंड्यांपुरता खालचा आकडा हाती येईल, अगदी फळ्यावरच्या ८० सारखा. चालकाचा फोन नंबर घ्यायचा आणि दोनदा फोन करायचा: आठवड्याने जुलाबासाठी, दीड महिन्याने काविळीसाठी. आजारी किती हे विचारायचं, आणि बरे किती हेही. मॅडमनी कागद ठेवून घेतला आणि त्याखाली लिहिलं, "तापासाठी तिसऱ्या आठवड्यात एक फोन वाढवा."