कारंज्यात कॅनन की सोनी?

सेकंडहॅन्ड डिजिकॅम घ्यायचाय? मग आधी गावी नेऊन बघा! मित्रांकडून दोन उसने घेतले, दोन्ही २००७ चे. कॅनन ए५७० आयएस आणि सोनी डब्ल्यू५५. गाठलं थेट आजोळ, वाशिम जिल्ह्यातलं कारंजा.

कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट दिसले. पण ४एक्स काय नि ३एक्स काय, दोन्हीत ठिपकेच! सोनी मस्त स्लिम, शर्टाच्या खिशात मावणारी. पण तिला स्वतःचीच बॅटरी आणि मेमरी स्टिक लागते. कॅनन जाडजूड, मात्र दोन पेन्सिल सेलवर खूश; ते तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात.

खरी परीक्षा तिन्हीसांजेला. आजी देवापाशी दिवा लावत होती. फ्लॅश बंद. सोनीत आजी धूसर आली. कॅननच्या स्टॅबिलायझरने माझा थरथरता हात सांभाळला. आजी आता पंच्याऐंशीची आहे. ठरलं, कॅननच!