सोळा पायऱ्या

सुटींत मनुष्यानें मनगटाला घड्याळ बांधूं नये, असें माझें जुनें मत आहे. म्हणूनच मॉरिशसच्या मुक्कामांतील एक दिवस आम्हीं उभयतांनीं आळसाला अर्पण केला. तिसऱ्या प्रहरीं शामारेलची सुप्रसिद्ध सात रंगांची माती पाहावयाची, एवढेंच काय तें ठरलें होतें. मोटार हांकणारे गृहस्थ रत्नागिरीकडून आलेल्या मजुरांच्या वंशांतले. घरांत क्रिओल बोलणारे, आमच्याशीं मात्र शाळेंत शिकलेली मराठी जपून बोलत. "वाटेल तेथें थांबा," मीं त्यांना बजावलें, "आम्हांला घाई नाहीं."

सकाळ पांप्लेमूसच्या बागेंत गेली. तेथील तळ्यांत प्रचंड कमळांचीं पानें उभ्या कांठाच्या हिरव्या परातींसारखीं तरंगत होतीं. पलीकडे तालिपोट ताड उभे होते. हा वृक्ष कित्येक दशकें नुसता वाढतो, जन्मांत एकदांच फुलतो आणि फळें पिकलीं कीं मरून जातो. इतका सावकाश कारभार पाहून मला त्याचा हेवा वाटला.

बाग सोडल्यावर दोन्ही हातांना ऊंस लागला. त्या हिरव्या पसाऱ्यांत मधून मधून काळ्या दगडांचे उंच ढीग दिसत. दगड अगदीं आपल्या सह्याद्रीच्या जातीचा, ज्वालामुखीनें घडविलेला.

"जुन्या गढ्या असाव्यात," आमची सौभाग्यवती म्हणाली.

"देखाव्याला काय शोभा आली आहे!" मीं भर घातली.

"गढ्या नव्हेत," ते गृहस्थ शांतपणें म्हणाले. "ऊंस लावण्यासाठीं जमीन मोकळी करतांना वेंचलेले दगड आहेत. मजुरांनीं हातांनीं वेंचले."

त्यानंतर पोर्ट लुई येईपर्यंत मीं कोणत्याहि देखाव्याची स्तुति केली नाहीं.

पोर्ट लुईच्या बंदरांत आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारें पांच लाख करारबंद मजूर या बेटावर आणले गेले. त्यांतले बहुतेक हिंदुस्थानांतले. कांहींना येथेंच मळ्यांवर धाडलें, कांहींना पुढें दुसऱ्या वसाहतींत. २००६ सालीं ही जागा जागतिक वारशांत गणली गेली. घाटाच्या पायऱ्या अवघ्या सोळा. त्या पाहावयास कितीसा वेळ लागणार? संवयीनें मीं मनगटाकडे पाहिलें. तें मोकळेंच होतें.

ते गृहस्थ पायऱ्यांसमोर हात जोडून उभे होते.

"आमचा पहिला माणूस कोण, कोणत्या सालीं आला, घरांत कोणालाच ठाऊक नाहीं," ते म्हणाले. मग एकदम भानावर येऊन, "निघूं या का? शामारेलला उशीर होईल."

"घाई नाहीं," मीं म्हटलें.

सकाळीं हेच दोन शब्द मीं केवढ्या ऐटींत उच्चारले होते! या पायऱ्या चढून गेलेल्यांपैकीं किती जणांना ते मळ्यावर कधीं उच्चारतां आले असतील? पहिल्यानेंच मला माझ्या आळसाची लाज वाटली. तरी पाय निघेना.

सात रंगांची माती पाहावयाची राहूनच गेली. परततांना मात्र उंसांतले ते काळे ढीग पुन्हां लागले, आणि या खेपेस गाडी थांबवावयास मींच सांगितलें.