कराड की कऱ्हाड

"गाव?" गुरुजींनी आधी नाव विचारलंच नाही.

ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर. समोरून बैल आला की माणसाने ओट्यावर चढायचं, इतकी ती अरुंद. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा सगळा पट्टा मराठी माणसांचा. बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर आईला काशी करायची होती म्हणून आलो होतो, आणि रजा पुरेशी नव्हती म्हणून लॅपटॉपही आणला होता.

"कराड," मी म्हणालो. यात्रेकरूंच्या नोंदींच्या, लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्यांच्या चळतीवरून त्यांचं बोट फिरलं आणि एक वही निघाली. पाच मिनिटं पानं उलटून त्यांनी ती मिटली, दुसरी काढली. "जुने लोक कऱ्हाड लिहायचे. दोन्हीकडे बघावं लागतं." दुसऱ्या वहीत पणजोबा सापडले, मोडीतल्या सहीसकट. आई इतकंच म्हणाली, "म्हणजे सही येत होती त्यांना."

माझ्या डोक्यात मात्र भलतंच. एवढ्या चळतीतून यांनी दोनच वह्या उघडल्या, बाकीच्यांना हातही लावला नाही. हे तर रिपग्रेप झालं!

आम्ही प्रोग्रामर दिवसभरात कोड लिहितो थोडा आणि शोधतो जास्त. हजारो फायलींत एखादं नाव किंवा वाक्य कुठे आहे ते काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा देऊन विचारायचं. या कामाचा मूळपुरुष ग्रेप. १९७३च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी तो जगापुढे आणला. एका सहकाऱ्याला 'फेडरलिस्ट पेपर्स' या जुन्या अमेरिकी लेखांत शब्द शोधायचे होते आणि तो मजकूर त्या वेळच्या 'ईडी' या संपादकाच्या पोटात मावत नव्हता. म्हणून ईडीतली शोधायची सोय तेवढी बाहेर काढली. नावही ईडीतल्या आज्ञेवरूनच पडलं. पुढे अ‍ॅक आला, सिल्व्हर सर्चर आला आणि २०१६मध्ये अँड्र्यू गॅलंट यांचा रिपग्रेप. आज्ञा दोनच अक्षरांची, आरजी. ग्रेपला सगळं फोल्डर चाळ म्हटलं की तो बिचारा खरंच सगळं चाळतो, बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचा कचरासुद्धा. रिपग्रेप आधी कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटची दुर्लक्ष करायची यादी वाचतो, लपवलेल्या आणि बायनरी फायली सोडतो आणि उरलेलं काम प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना वाटून देतो.

संध्याकाळी फोन आला. आमचं अ‍ॅप एका पतसंस्थेचे कर्जदार वापरतात. हप्ता भरायला चार दिवस बाकी असताना काहींना निरोप गेला होता: 'दुसऱ्या हप्त्याची मुदत संपली.' लोक पतसंस्थेच्या दारात. लाज अशी की हे वाक्य तीन महिन्यांपूर्वी मीच बदललं होतं. रिपग्रेपने नऊ जागा दाखवल्या, नऊच्या नऊ ठिकाणी 'संपत आली' केलं आणि काम संपलं म्हणून मोकळा झालो.

गच्चीवर बसून, फोनच्या हॉटस्पॉटवर, जुनं वाक्य शोधलं. काही नाही. दुर्लक्षित फायलींतही बघ म्हणून बजावलं. काही नाही. ग्रेपला विचारलं, त्यानेही हात वर केले. सहकारी स्क्रीनशॉट पाठवतोय आणि मी त्याला "आपल्या कोडमध्ये नाहीच आहे" असं ठणकावून सांगतोय. खालून आई, "अरे, आरती चुकेल."

कंटाळून पहिले दोन शब्द गाळले आणि नुसतं 'मुदत संपली' शोधलं. एक ओळ आली, आणि तिच्या सुरुवातीला डोळ्यांसमोर ढळढळीत 'दुसऱ्या'.

दिसायला तंतोतंत तेच. मग त्या ओळीचे बाइट काढून बघितले. माझा 'ऱ्या' इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून काढलेल्या ऱ चा होता: ई-शून्य, ए-चार, बी-एक, मग हलन्त, मग य. फायलीतला होता साधा र, म्हणजे बी-शून्य, मग हलन्त, मग ई-दोन, आठ-शून्य, आठ-डी. हे शेवटचं त्रिकूट म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर त्याला जागा नाही, रंग नाही. र चा रफार होऊ न देता त्याची आडवी रेघ करायची, एवढंच त्याचं काम. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत. दुसरी जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. आमच्यापैकी कुणाच्या तरी कीबोर्डने ती निवडली होती. अक्षरांची पर्यायी सांकेतिक रूपं एकसारखी करणारी युनिकोडची नेहमीची चाळणीही इथे उपयोगाची नाही, कारण तिच्या लेखी ही दोन वेगळीच लेखनं आहेत. इंग्रजीत शोधणाऱ्याला या भानगडीची कल्पनाही येणार नाही. आमचे मात्र शेतकऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळे या आडव्या रेघेवर लटकलेले!

मग कंसात दोन्ही लेखनं, मध्ये उभी रेघ, म्हणजे 'हे किंवा ते', असं सांगून शोध दिला. दहावी जागा तर आलीच; शिवाय जोडकवाले 'शेतकऱ्यांना' आणि 'अपुऱ्या' किती निघाले ते बघून घाम फुटला. दुरुस्ती पाठवली तेव्हा घाटावरच्या घंटा थांबल्या होत्या. आई एकटीच जाऊन आली होती. प्रसादाचा पेढा माझ्या कीबोर्डशेजारी ठेवून ती काही न बोलता आत गेली.

निघायच्या दिवशी गुरुजींनी वही पुढे सरकवली. बाबांचं नाव, आमची नावं, तारीख. मग गावाचा रकाना आला आणि माझं पेन थांबलं.

मी 'कराड' लिहिलं, शेजारी कंस केला आणि त्यात 'कऱ्हाड' लिहायला घेतलं.

"बारीक लिहा," गुरुजी म्हणाले. "खाली जागा ठेवा."