काळ्यापासून सुरुवात

पक्षी ओळखायला निघालेला नवखा माणूस हटकून हळद्या, वेडा राघू, खंड्या अशा रंगेल मंडळींच्या मागे लागतो. माझ्या मते सुरुवात काळ्यांपासून करावी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाच्या कडेला कावळ्याखेरीज कोतवाल, कोकीळ, चिरक आणि विणीच्या हंगामात शिंजीर हे काळे पक्षी सहज भेटतात. सगळेच काळे म्हटल्यावर रंगाचा उपयोग संपतो आणि नजर पक्ष्याच्या वागण्याकडे वळते. कोतवाल तारेवर ताठ बसतो, शेपटी टोकाशी दुभंगलेली; एकदम झेपावून हवेतला किडा टिपतो आणि बहुधा पुन्हा तिथेच येऊन बसतो. कोकीळ इतका उघड्यावर क्वचितच येतो. वडा-उंबराच्या दाट पानांत फळं खात दडलेला असतो. दिसलाच तर आधी लाल डोळा दिसतो. चिरक जमिनीवरचा. मुरमाड माळावर, बांधाच्या दगडावर टुणटुणत तो शेपटी उभी करतो, की तिच्या बुडाचा विटकरी डाग नजरेस पडतो. चिमणीहून लहान शिंजीर बाकदार चोच फुलात खुपसून असतो.

रंग हीच सर्वांत ठळक खूण नव्हे का, असं कुणी विचारील. ठळक खरी, पण भरवशाची नाही. शिंजीराचा नर उन्हात जांभळा-निळा झळकतो, सावलीत काळाकुट्ट दिसतो, आणि वीण आटोपली की मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून खाली काळी रेघ तेवढी उरते. कोकिळा तर काळी नसतेच, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. चिरकाची पाठ आपल्याकडे काळी, उत्तरेत तपकिरी. मोबाइल फोटोवरून नाव सांगतो हेही खरं, पण पानांआडच्या कोकिळाचा फोटो आधी मिळायला हवा! याहून वजनदार आक्षेप असा, की सवयीही सारख्या असतात: दयाळसुद्धा चिरकासारखीच शेपटी उभारतो. तिथे रंगाची साक्ष जरूर काढावी. दयाळाच्या नराचं पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. चिरकाच्या नराला खांद्याशी जेमतेम पांढरा ठिपका. शिवाय दयाळाला बागेतली सावली प्रिय, चिरकाला उघडा माळ. काळ्यांवर अशी नजर बसली, की खंड्याही वेगळा दिसू लागतो. त्याच्या निळाईला भुललेले लोक त्याला पाण्याकाठी शोधत राहतात. पांढऱ्या छातीचा खंड्या मात्र नदीपासून लांब, शेतातल्या तारेवरून नाकतोडे आणि सरडे टिपत असतो.