हिरवा रंग गेला, गढूळपणा राहिला



घरच्या स्विमिंग पूलमधलं पाणी हिरवं झालं की पुष्कळ जण आधी क्लोरीन ओततात. त्याने अर्धंच काम होतं. भिंतींना धरलेल्या बुळबुळीत थराच्या आत औषध पोहोचत नाही. म्हणून आधी जाळीने पालापाचोळा काढायचा, मग ब्रशने भिंती, पायऱ्या, कोपरे घासायचे. पीएच 7.2 ते 7.4 च्या आसपास आणायचा. तो चढलेला असला की क्लोरीनचा जोर कमी पडतो. क्लोरीन दिवस मावळल्यावर टाकायचं, कारण उन्हात ते लवकर निकामी होतं. मात्र अ‍ॅसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नये. विषारी वायू निघतो.

यंदा पावसाळा सरल्यावर आम्ही स्वयंसेवकांनी हे काम बेळगावात आमच्या धर्मग्रामातल्या एका घरी केलं. दोन भाऊ, एकच अंगण, मध्ये वडिलांनी हौसेने बांधलेला पूल. वडील गेल्यावर वाटणीवरून भावांचं बोलणं थांबलं आणि पूल कुणी साफ करायचा हेही ठरेना. पाण्यात डासांच्या अळ्या दिसू लागल्या तेव्हा त्यांच्या आईने आम्हाला बोलावलं. हे त्या सर्वांच्या संमतीनेच लिहीत आहोत.

क्लोरीन टाकल्यावर दुसऱ्या सकाळी हिरवा रंग गेला. थोरले म्हणाले, "झालं की!" पण पाणी पांढुरकं होतं, तळ दिसत नव्हता. शेवाळ मेलं तरी पाण्यातच तरंगत राहतं. ते गाळून निघेपर्यंत पंप रात्रंदिवस चालवावा लागतो. वाळूचा फिल्टर भरला की दाब वाढतो, मग उलटं पाणी सोडून तो धुवायचा. रात्रीच्या पाळ्या दोघा भावांनी वाटून घेतल्या. पहिल्या रात्री थोरले धाकट्याशी एकच वाक्य बोलले, "दाब वाढलाय, धुऊन घे." कित्येक महिन्यांनंतरचं ते पहिलं वाक्य. चौथ्या दिवशी तळाच्या निळ्या फरश्या दिसल्या.

प्रियजनहो, क्षमा केली तरी मन लगेच नितळ होत नाही. राग मेलेला असतो, पण त्याचा गढूळपणा उरतो. तो पाहून आपल्याला वाटतं, आपण क्षमा केलीच नाही, आणि आपण पंप बंद करतो. तसं करू नये. प्रार्थना चालू ठेवावी, रोजचं साधं बोलणं चालू ठेवावं, मन पुन्हापुन्हा धुऊन घ्यावं.

त्या घरची वाटणी अजून झालेली नाही. पाळ्या मात्र चालू आहेत. प्रभू त्यांना आणि आपल्याला धीर देवो. आमेन.