ठ्ठ ओलांडताना

विठ्ठल. तीन अक्षरं. बाणाची कळ एकदा दाबली, कर्सर 'वि'पुढे जाऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा दाबली, तर तो 'ठ्ठ'च्या मधोमध अडकला. तिसऱ्यांदा त्यातून बाहेर पडला, चौथ्यांदा 'ल' ओलांडला. तीच फाईल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली, तर तिथे तीन दाबांत शब्द संपला. टर्मिनलमध्ये उघडली, तेव्हा कर्सर दिसत होता एका अक्षरावर आणि खोडलं जात होतं शेजारचं.

रात्र बरीच झाली होती. अभंगाची अक्षरं मोजणारा छोटासा प्रोग्राम लिहायला बसलो होतो. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. शाळेत मराठीच्या बाईंनी हे बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलं होतं. अंगठा पेरावरून पुढे सरके आणि 'विठ्ठल' म्हणताना तो बरोबर तीनदा सरके. जोडाक्षरापाशी तो कधी अडखळल्याचं मला आठवत नाही.

पायथनला 'विठ्ठल'ची लांबी विचारली, तर उत्तर येतं 6. व, वेलांटी, ठ, हलन्ताची खूण, पुन्हा ठ, मग ल. युनिकोडमध्ये या प्रत्येकाला वेगळा क्रमांक आहे आणि यंत्र ते क्रमांक मोजतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. साठवायचं तर तुकडे करावेच लागतात. पण एडिटर ही साठवणीची कोठी नव्हे, ती हाताने काम करायची जागा आहे. सुताराचा रंधा आज एका खोलीवर लागला आणि उद्या दुसऱ्या खोलीवर, तर त्याने लाकडावर हात ठेवावा कसा? बोटं विचार करून चालत नाहीत. तीन दाब म्हणजे तीन दाब, हे एकदा त्यांच्यात मुरलं, की डोकं मोकळं होतं आणि मग कुठे खरं काम सुरू होतं.

मागे खोडायची कळ दाबली, की 'वि'ची वेलांटी जाते आणि 'व' उरतो. डिलीट दाबली, तर अख्खा 'वि' जातो. हा फरक मला पटतो. मागे खोडताना बहुधा आत्ताच उमटलेली चूक दुरुस्त करायची असते. त्यासाठी सबंध अक्षर पुसणं निष्ठुरपणाचं. कुणीतरी मराठी, हिंदी टंकणाऱ्या हातांकडे नीट पाहून हे ठरवलं असणार. मला सलतं ते एवढंच, की हेही सगळीकडे सारखं नाही.

टर्मिनलचं दुखणं जुनं आहे. 1928 साली आयबीएमने 80 स्तंभांचं पंचकार्ड आणलं. पुढे पडद्यांनीही 80 स्तंभ घेतले, एका चौकटीत एक अक्षर. रोमन अक्षरं त्या चौकटींत सुखाने बसतात. आपली अक्षरं शिरोरेषेखाली एकमेकांना बिलगून उभी असतात, कुणी कुणाच्या पोटात, कुणी कुणाच्या डोक्यावर. त्यांना चौकटींत बसवताना पडद्यावरची जागा आणि फाईलमधली जागा यांची फारकत होते.

आणि तो 'दऱ्या'तला आडवा र! 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द मराठी माणूस एका नजरेत वेगळे ओळखतो. पण हा र लिहायच्या दोन रीती आहेत: एक खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, दुसरी साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. त्या रात्री 'दऱ्या' शोधला, तर एडिटर म्हणाला, सापडला नाही. शब्द समोर, तिसऱ्या ओळीत, मी बोट ठेवून वाचत होतो. स्वतःच्या भाषेतला शब्द डोळ्यांसमोर असताना तो नाही म्हणून सांगितलं जाणं, यात जे तुटतं ते नुसत्या गैरसोयीपेक्षा खोल असतं.

2023 च्या युनिकोड 15.1 ने देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम घातला. तो प्रत्येक प्रोग्रामपर्यंत आपापल्या वेळेने पोचतो. एकाच संगणकावर दोन खिडक्यांत दोन काळ नांदतात.

परवा एका एडिटरची नवी आवृत्ती आली. तीच जुनी फाईल उघडली, कर्सर 'विठ्ठल'च्या आधी नेऊन ठेवला. उजवा हात कळीवर होता. डाव्या हाताचा अंगठा मात्र नकळत पेरावर जाऊन बसला होता. वि. ठ्ठ. ल. दोन्ही हात एकाच वेळी थांबले.